विंडोज ९८ ची नव्याने उभारणी : एका विस्मृत प्रक्रियेचा इतिहास आणि मराठी दस्तऐवजांच्या वाचनाचा प्रश्न

प्रस्तावना

मोडी लिपीतील कागद हाती आला असता इतिहासाच्या अभ्यासकाला तो लगेच वाचता येत नाही, याचे कोणास नवल वाटत नाही. लिपी शिकावी लागते, लेखनिकाच्या हाताची वळणे ओळखावी लागतात, कालगणनेचे संकेत समजून घ्यावे लागतात. त्यानंतरच तो कागद बोलू लागतो. पेशवे दफ्तरातील रुमाल सोडणाऱ्या संशोधकांच्या अनेक पिढ्या या शिक्षणातून गेल्या. परंतु १९९० च्या दशकात संगणकावर तयार झालेला मराठी मजकूर आज उघडला आणि पडद्यावर रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक रांग दिसली, की 'फाईल खराब झाली' असे म्हणून ती बाजूला ठेवली जाते. वस्तुतः फाईल बहुधा शाबूत असते. तिला वाचणारी व्यवस्था हरवलेली असते.

ही व्यवस्था पुन्हा उभी करावयाची म्हणजे कोऱ्या संगणकावर त्या काळची कार्यप्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टिम, पहिल्यापासून बसविणे, आणि तिच्यावर त्या काळचे मराठी सॉफ्टवेअर बसविणे. हे काम तंत्रज्ञाचे असून इतिहासाशी त्याचा संबंध नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रस्तुत लेखात या समजुतीचा फेरविचार करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी विंडोज ९८ ही प्रणाली निवडली आहे. कारण मराठी अक्षरजुळणीचे काम कार्यालयांत आणि छापखान्यांत स्थिरावले त्या काळाच्या मध्यावर ती उभी आहे.

कोऱ्या यंत्राची समस्या

संगणक सुरू करण्यासाठी सूचना लागतात आणि त्या सूचना आत आणण्यासाठीही आधी सूचनाच लागतात. या पेचातूनच 'बूट' हा शब्द आला. स्वतःच्या बुटाचा पट्टा ओढून स्वतःलाच वर उचलण्याची ती कल्पना आहे. १९७५ च्या अल्टेअर ८८०० या यंत्रात वापरणाऱ्याला दर्शनी फळीवरील खटके वरखाली करून आरंभीच्या सूचना एकेक करून भराव्या लागत. मोठ्या यंत्रांची पद्धत निराळी होती. आयबीएमने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मालिकेच्या कार्यप्रणालीची प्रत्येक ठिकाणी 'निर्मिती' करावी लागे. त्या ठिकाणची उपकरणे कोणती याचे वर्णन पंचकार्डांवर देऊन त्यांच्यापुरती प्रणाली घडवून घेतली जाई. म्हणजे दोन संगणककेंद्रांतील प्रणाली नावाने एक असली तरी तपशिलाने एक नसे. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीवर उभारणीचा प्रश्नच नव्हता. पीसी-डॉसची पहिली आवृत्ती १६० किलोबाइटच्या एका फ्लॉपीवर मावत असे आणि ती फ्लॉपी घालूनच यंत्र सुरू करावे लागे. मार्च १९८३ मध्ये पीसी-एक्सटी हे यंत्र १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन आले, तेव्हा प्रणाली यंत्रात 'वसविण्याची' कल्पना सामान्य वापरकर्त्यापर्यंत पोहोचली. डिस्कचे विभाग पाडणारी एफडिस्क ही आज्ञावली डॉस २.० बरोबर आली, ती याच गरजेतून. पुढे फ्लॉपींची संख्या वाढत गेली. २४ ऑगस्ट १९९५ रोजी प्रकाशित झालेल्या विंडोज ९५ चा फ्लॉपी संच तेरा फ्लॉपींचा होता आणि त्यांतील बहुतेकींवर नेहमीच्या १.४४ ऐवजी १.६८ मेगाबाइट मजकूर दाटून बसविलेला होता. अकरावी फ्लॉपी वाचता आली नाही म्हणजे आधीच्या दहांचे श्रम वाया जात. सीडी-रॉममुळे हा जाच संपला.

विंडोज ९८ ची उभारणी

विंडोज ९८ ही प्रणाली २५ जून १९९८ रोजी प्रकाशित झाली, तिची दुसरी आवृत्ती १९९९ मध्ये आली आणि निर्मात्या कंपनीने तिचा आधार ११ जुलै २००६ रोजी काढून घेतला. किमान अपेक्षा ६६ मेगाहर्ट्झचा ४८६ प्रोसेसर आणि १६ मेगाबाइट स्मृती एवढीच होती. आजच्या भ्रमणध्वनीवर घेतलेली काही छायाचित्रेही एवढ्या स्मृतीत मावणार नाहीत.

उभारणीचा क्रम मुळातून पाहण्यासारखा आहे. प्रथम यंत्र आरंभ-फ्लॉपीवरून सुरू केले जाई. सीडीवरूनच यंत्र सुरू करण्याचा संकेत १९९५ मध्ये ठरला होता, परंतु प्रत्येक यंत्राचा बायोस आणि प्रत्येक सीडी त्याला अनुकूल असेच असे नाही. आरंभ-फ्लॉपीत विविध बनावटींच्या सीडी-ड्राइव्हला चालतील असे सर्वसाधारण ड्रायव्हर घातलेले असत. त्यानंतर एफडिस्क चालविताच पहिला प्रश्न येई : मोठ्या डिस्कचा आधार हवा की नको? या प्रश्नाचा खरा अर्थ फॅट-३२ ही रचना घ्यावयाची की जुनी फॅट-१६, असा होता. फॅट-१६ मध्ये एका विभागाला २ गिगाबाइटची मर्यादा होती. फॅट-३२ ही १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली होती. प्रश्न विचारणाऱ्या पडद्यावर हे स्पष्टीकरण होते, पण ते सहसा कोणी वाचत नसे. 'होय' म्हणून पुढे जाण्याची रीत पडली होती. विभाग पाडल्यावर यंत्र पुन्हा सुरू करावयाचे आणि मगच डिस्क फॉरमॅट करावयाची. हा मधला टप्पा गाळल्यास पुढचे काही जमत नसे.

येथे एक लहानसा घोटाळा हमखास होई. आरंभ-फ्लॉपी आपल्या उपयोगाच्या आज्ञावली उलगडून ठेवण्यासाठी स्मृतीतच एक तात्पुरती डिस्क तयार करी आणि तिला हार्ड डिस्कनंतरचे अक्षर देई. परिणामी एरवी 'डी' असलेली सीडी 'ई' होऊन बसे. 'डी' वर सेटअप शोधणाऱ्याला ते सापडत नसे आणि सीडी सदोष असल्याचा संशय येई. पुढे प्रणाली उभी राहिली की तात्पुरती डिस्क नाहीशी होई, सीडी पुन्हा 'डी' वर येई, आणि उर्वरित फायली मागताना नेमका हाच प्रश्न उलट बाजूने उभा राही. म्हणून अनुभवी कारागीर आधी सीडीवरील संपूर्ण 'विन९८' फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून घेत आणि उभारणी तेथून करीत. जुन्या यंत्रांच्या डिस्कवर हा फोल्डर आजही आढळतो. उभारणी कोणी तरी जाणत्या हाताने केल्याची ती खूण होय.

सेटअप सुरू झाल्यावर पडद्याच्या डाव्या अंगाला पाच टप्प्यांची यादी व उरलेल्या वेळेचा अंदाज दिसे. स्कॅनडिस्क डिस्कची तपासणी करी, परवान्याचा मजकूर येई, पंचवीस अक्षरांची कळ मागितली जाई आणि पुढच्या वेळेसाठी नवी आरंभ-फ्लॉपी करून ठेवण्याची सूचना होई. त्यानंतर फायलींची नक्कल, पुनरारंभ आणि यंत्रातील उपकरणांचा शोध. हा शेवटचा टप्पा सर्वांत नाजूक होता. स्वतःची ओळख स्वतः सांगणारी उपकरणे सोपी; परंतु जुन्या पद्धतीची कार्डे ओळखण्यासाठी सेटअपला त्यांच्या संभाव्य पत्त्यांवर चाचपणी करावी लागे, आणि त्या चाचपणीतच यंत्र गोठण्याची शक्यता असे.

त्यावर योजलेला उपाय कल्पक होता. प्रत्येक उपकरण तपासण्यापूर्वी सेटअप आपण काय करणार आहोत याची नोंद डिस्कवर करून ठेवी. यंत्र गोठले तर वापरणाऱ्याने ते बंद करून पुन्हा सुरू करावयाचे. सेटअप 'डेटक्रॅश' नावाची ती नोंद वाचून ज्या पायरीवर घात झाला तेवढीच वगळे व पुढे जाई. याशिवाय 'सेटअपलॉग', 'डेटलॉग' व 'बूटलॉग' या मजकुरी फायलींत उभारणीची हकीकत साठत राही. कोणती कार्डे सापडली, कोणता ड्रायव्हर बसला, कोठे अपयश आले, हे सर्व त्यांत असते. एखाद्या कार्यालयात १९९९ साली कोणते यंत्र होते याचा खरेदीचा कागद सापडला नाही, तरी या नोंदींवरून त्या यंत्राची घडण बरीचशी सांगता येते. इतिहासाच्या परिभाषेत या फायली रोजकीर्दीच्या जातीच्या आहेत. त्या कोणाला सांगण्यासाठी लिहिलेल्या नाहीत, म्हणूनच त्यांच्यावर विश्वास अधिक टाकता येतो.

उभारणी संपली तरी पडदा बहुधा सोळा रंगांत आणि ६४० गुणिले ४८० बिंदूंत अडकलेला असे. डिस्प्ले, ध्वनी, मोडेम यांचे ड्रायव्हर स्वतंत्र सीडींवरून घालावे लागत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून सुटे भाग आणून जुळविलेल्या यंत्रांत तर प्रत्येक भाग निराळ्या बनावटीचा. सिस्टिम/३६० च्या बाबतीत वर नोंदविलेली गोष्ट येथे पुन्हा लागू पडते : सीडी एकच, परंतु तिच्यातून उभी राहणारी प्रणाली प्रत्येक यंत्रावर वेगळी.

मराठीने या कामाला दिलेले शब्दही लक्षणीय आहेत. 'विंडोज टाकणे', 'फॉरमॅट मारणे' असे प्रयोग रूढ झाले. बी टाकावे किंवा रंग मारावा तसे हे शब्द हातकामाच्या कुळातले आहेत. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून लाखो लोकांना संगणक वापरणे शिकविले गेले. 'टाकण्या'चे ज्ञान मात्र दुकानातल्या हातापाशीच राहिले. ते लिहून ठेवले गेले नाही, आणि त्याची आज उणीव भासते.

मराठी अक्षरांचा थर

विंडोज ९८ मध्ये देवनागरीची स्वतःची सोय नव्हती. ती विंडोज २००० पासून, मंगल या फॉन्टसह आली. तोपर्यंत मराठी ही कार्यप्रणालीवर वरून चढविलेल्या थरात राहत होती. हा थर समजल्याशिवाय त्या काळच्या फायलींचे स्वरूप उलगडत नाही.

या थराचा पूर्वेतिहास डॉसच्या काळात जातो. आयआयटी कानपूर येथे आरंभ झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत विकसित झाले. संगणकात एक जिस्ट कार्ड बसविले की डॉसच्या पडद्यावर भारतीय लिपी दिसत. मजकूर साठविला जाई तो इस्की या संकेतप्रणालीत. भारतीय मानक ब्यूरोने तिला १९९१ मध्ये मानकाचा दर्जा दिला. इस्कीत प्रत्येक वर्णाला एक अंक आहे आणि वर्ण उच्चाराच्या क्रमाने साठविले जातात. 'कि' लिहिताना आधी क, नंतर ऱ्हस्व वेलांटी. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर आधारलेली आहे.

विंडोजच्या काळात सी-डॅकचे आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी, तसेच आकृती ही पॅकेजेस प्रचारात आली. त्यांचे फॉन्ट वेगळ्या तत्त्वावर चालत. इंग्रजी अक्षरांसाठी असलेल्या २५६ जागांत देवनागरी अक्षरांचे दृश्य तुकडे बसविलेले असत. अनेक फॉन्टमध्ये 'ग' हा एक वर्ण अर्धा ग आणि दंड अशा दोन तुकड्यांनी बने. 'किल्ला' या शब्दात वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, म्हणून फाईलमध्येही तीच आधी साठविली जाई. संगणकाच्या लेखी हा मजकूर मराठी नव्हताच. ती विशिष्ट आकारांची रोमन अक्षरे होती. श्री-देव-०७१४ मधील मजकुराला डीव्ही-टीटी सुरेख लावला तर अर्थ नाहीसा होतो, कारण प्रत्येक कंपनीने तुकड्यांची वाटणी आपापल्या सोयीने केलेली होती.

यातून एक विलक्षण स्थिती उद्भवली. १९९० च्या सुमाराचा इस्कीमधील मजकूर आज बऱ्याच सहजतेने युनिकोडमध्ये नेता येतो, आणि १९९९ चा, दिसायला कितीतरी सुबक मजकूर मात्र अडून बसतो. सामान्यतः साधन जितके जुने तितके वाचन अवघड, हा इतिहासाचा अनुभव येथे उलटा झाला आहे. दोष कोणा एका कंपनीवर टाकणे योग्य ठरणार नाही. छापखान्याला सुंदर जोडाक्षरे उद्या सकाळी हवी होती, वीस वर्षांनंतरचा वाचक त्याच्यासमोर नव्हता.

जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक उपलब्ध आहेत, मग जुनी प्रणाली उभारण्याचा खटाटोप कशासाठी, असा आक्षेप घेता येईल. जुना फॉन्ट नव्या विंडोजवर बसवूनही पुष्कळदा काम भागते, हेही खरे आहे. परंतु दोन अडचणी राहतात. पहिली मराठीच्या प्रकृतीतली आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या शब्दांत रफार आणि अर्धचंद्राकृती र यांचाच भेद आहे. परिवर्तकाने दुसऱ्या तुकड्याला पहिल्याचा संकेत दिला, की स्वयंपाकघरातील मंडळी थेट गुरुपदावर जाऊन बसतात. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांचेही तसेच. अशी चूक शुद्धलेखन तपासणीत सापडत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. ती पकडावयाची तर मूळ मजकूर मूळ फॉन्टमध्ये, मूळ पडद्यावर दिसतो कसा, हे पाहावेच लागते. संपादनशास्त्रात याला मूळ प्रतीशी ताडून पाहणे म्हणतात.

दुसरी अडचण मांडणीची. दिवाळी अंक, पत्रिका, ग्रंथ यांची पाने प्रामुख्याने पेजमेकरमध्ये लावली जात. त्या आज्ञावलीची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ ची आहे. तिच्या फायली आजच्या साधनांत उघडताना स्तंभ, तळटीपा आणि कोष्टके विस्कटतात. जुनी आज्ञावली नव्या यंत्रावर बसवू पाहिले तर निराळाच अडथळा येतो : त्या काळच्या अनेक पॅकेजेसचा मुख्य कार्यक्रम ३२ बिटचा असला तरी त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा असे, आणि ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचा कार्यक्रम चालत नाही. घरात जागा आहे, पण दारातून कपाट आत जात नाही, असा हा प्रकार होय.

पुन्हा उभारणी : यंत्रावर व यंत्राविना

जुन्या प्रणालीला जुने यंत्र मिळाले तर उत्तम. परंतु मदरबोर्डवरील विद्युतधारक फुगलेले असतात, बायोसचा सेल संपलेला असतो, फ्लॉपीवरचे चुंबकीय आवरण उडालेले असते. नवे यंत्र वापरावे तर त्याची संपन्नताच आड येते. ५१२ मेगाबाइटहून अधिक स्मृती असल्यास विंडोज ९८ 'स्मृती अपुरी' अशी तक्रार करू शकते. तिच्या डिस्क-कॅशची कमाल मर्यादा 'सिस्टिम' या मांडणी-फाईलमध्ये हाताने लिहून द्यावी लागते. मूळच्या एफडिस्कला ६४ गिगाबाइटच्या पुढील डिस्कचे माप चुकीचे दिसते, आणि प्रणालीच्या स्वतःच्या डिस्क-ड्रायव्हरला १३७ गिगाबाइटच्या पलीकडचा भाग पेलत नाही. विंडोज ९५ ची कथा याहून चमत्कारिक आहे. एएमडीच्या ३५० मेगाहर्ट्झ व त्यापुढील के६-२ प्रोसेसरवर ती सुरू होतानाच कोसळू शकत असे, कारण कालमापनासाठी ठेवलेली फेरी अपेक्षेपेक्षा इतक्या लवकर संपे की गणितात शून्याने भागण्याची वेळ येई.

म्हणून आज बहुतेक उभारणी यंत्राविना होते. २००३ मध्ये फॅब्रिस बेलार्ड यांनी सुरू केलेले क्यूएमू किंवा ८६बॉक्स यांसारखे कार्यक्रम नव्या संगणकात जुन्या संगणकाची प्रतिकृती उभी करतात. ८६बॉक्समध्ये तर त्या काळचा मदरबोर्ड, ध्वनीकार्ड, डिस्प्ले कार्ड हे निवडून घेता येते. या दृष्टीचा पुरस्कार जेफ रोथेनबर्ग यांनी १९९५ च्या लेखात आणि १९९९ च्या अहवालात केला होता. फायली नव्या स्वरूपात नेत राहण्यापेक्षा जुने यंत्रच सॉफ्टवेअरमध्ये जिवंत ठेवावे, अशी त्यांची मांडणी होती. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने सलमान रश्दी यांच्या कागदपत्रांच्या बाबतीत ती प्रत्यक्षात आणली. त्यांचा मॅकिंटॉश परफॉर्मा ५४०० हा संगणक प्रतिकृतीच्या रूपाने २०१० मध्ये अभ्यासकांना खुला झाला आणि लेखकाने ज्या पडद्यावर लिहिले तोच पडदा वाचकाला पाहता येऊ लागला. मराठी लेखकांच्या आणि संपादकांच्या संगणकांबाबत हा विचार अद्याप गांभीर्याने व्हावयाचा आहे.

या सर्वांत एक अनुकूल योगायोग आहे. विंडोज ९८ ला पंचवीस अक्षरांची कळ पुरते. उभारणी झाल्याचे निर्मात्याला कळवावे लागत नाही. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून सामान्य ग्राहकाच्या प्रतीला दूरध्वनीने अथवा इंटरनेटने सक्रियता मिळवावी लागू लागली, म्हणजे उभारणी पूर्ण होण्यासाठी दुसऱ्या टोकाला कोणी तरी उत्तर देणारे असणे आवश्यक झाले. संकेतप्रणालीप्रमाणे येथेही अधिक जुने तेच अधिक सुलभ ठरले आहे. कायद्याच्या अंगाने पाहता, भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार आज्ञावलीच्या कायदेशीर धारकास ती ज्या हेतूने पुरविली गेली त्या वापरासाठी, तसेच हानीपासून तात्पुरत्या संरक्षणापुरती नक्कल करण्याची मुभा आहे. यासाठी मूळ सीडी व परवान्याचा कागद जवळ असावा लागतो. जुनी यंत्रे भंगारात काढताना नेमक्या याच वस्तू आधी फेकल्या जातात.

त्याहून कठीण प्रश्न कुलुपाचा आहे. काही मराठी पॅकेजेसबरोबर समांतर पोर्टला लावावयाचे हार्डवेअर कुलूप मिळे. ते लावल्याविना अक्षरे उमटत नसत. आजच्या यंत्रांना तो पोर्ट नसतो, यूएसबीला जोडावयाचे रूपांतरक बहुधा मुद्रकापुरतेच उपयोगी पडतात, आणि प्रतिकृतीत उभारलेल्या यंत्राला तर हे कुलूप लावण्यास खरा पोर्टच नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा कार्यालयात असे एखादे कुलूप जुन्या प्रिंटरच्या केबलच्या टोकाला अजूनही अडकलेले असू शकते. बोटभर लांबीचे, दोन्ही बाजूंना पंचवीस पिनांचे जोड असलेले. नाव ठाऊक नसणाऱ्यास ते केबलचा सुटा तुकडा वाटेल. ते यंत्रापासून वेगळे करण्यापूर्वी त्यावर यंत्राचा क्रमांक, पॅकेजचे नाव व आवृत्ती लिहावी, आणि हार्ड डिस्कची संपूर्ण प्रतिमा काढताना उभारणीच्या त्या तीन-चार नोंदवह्या व फॉन्टचे फोल्डर निराळे उतरवून घ्यावेत. या कामाला एक दुपार पुरते.